दोन क्रुसांचं पान

आमच्या घरात तारीख कधी नव्हती. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते गॅसच्या टाकीसाठी. मांयचं वर्ष संतांवर चालायचं. मी जन्मलो सांत पेद्रूच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या, आदल्या दिवशी. म्हैस व्याली सांत जुझ्याला. वडील गेले ते सगळ्या संतांच्या दिवशी, म्हणजे वर एकही संत मोकळा नव्हता, नाहीतर एकाने तरी हात दिला असता, असं ती म्हणे. तीनशे पासष्ट दिवसांचे संत तिला तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने संत सांगितला असता, त्याला कसं मारलं ते सांगितलं असतं, आणि वर उठवल्याबद्दल मला शिव्या दिल्या असत्या.

सकाळी साडेसहाला ओरातोरासमोर, म्हणजे आमच्या भिंतीवरच्या लाकडी देव्हाऱ्यासमोर, मेणबत्ती लागे. आधी दिवसाच्या संताचं नाव. मग त्या दिवसाचं वाचन. वर्षभराच्या वाचनांचं जाडं पुस्तक चर्चमधून नोव्हेंबर संपताना येतं, त्यातलं नेमकं तेच पान. वाचून झालं की समासात पेन्सिलीने एक बारीक क्रूस. मग बेसांव: मांय डोक्यावर हात ठेवून म्हणणार, "देव बरा करूं." आणि मग चहा. त्याच्या आधी चहा नाही. रोमहून पोप स्वतः आला असता तरी त्याला आधी वाचायला बसवलं असतं.

जन्मभर हे पुस्तक तिने स्वतःच वाचलं. या वर्षी मात्र सांत बास्त्यांवाच्या फेस्तापर्यंत अक्षरं पुसट झाली आणि सांत जुझ्यापर्यंत गेलीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुस्तक माझ्या हातात आलं.

माझा धंदा पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवण्याचा. डॉल्फिन दिसले तर दाखवतो, नाही दिसले तर त्यांची घरची हकिगत सांगतो. कोणाची बायको माहेरी गेली, कोणाचा झील बापाशी बोलत नाही. एका कोल्हापूरच्या कुटुंबाला मी दीड तास रिकाम्या समुद्रावर असा फिरवला की उतरताना त्यांची मुलगी म्हणाली, सात बघितले. तिला मी खोटं ठरवलं नाही.

तर ईस्टरच्या आठवड्यातल्या गुरुवारी, अशाच एका न दिसलेल्या डॉल्फिनकडे बोट दाखवताना मी जरा जास्त वाकलो आणि माझी चाळिशी समुद्रात गेली. आज तिथला एखादा तांबोसा ती लावून हिंडत असेल आणि बाकीचे मासे त्याला मास्तर म्हणत असतील. पण शुक्रवारी सकाळी मी पुस्तक उघडलं तेव्हा पानावर अक्षरं नव्हती, साखरेच्या डब्यावरच्या मुंग्या होत्या. जेटीवर सातची पार्टी यायची होती. आणि चाळिशी पडली हे मांयला सांगायचं म्हणजे पन्नाशीच्या घोड्याने दहा मिनिटं बोलणी खायची.

या आठवड्यात कुठल्यातरी दिवशी किनाऱ्यावरच्या माशांचं वाचन असतं, एवढं लहानपणापासून डोक्यात होतं. मी घसा खाकरला आणि सुरू केलं.

येशू किनाऱ्यावर निखारे फुलवून बसलाय. शिष्य जाळं ओढत येतायत, जाळ्यात सातशे मासे. येशू बांगडे भाजायला घेतो. इतक्यात टोपली घेऊन एक म्हातारी मासेवाली तिथून जाते. थांबते. नाक मुरडते. म्हणते, "रे बाबा, बांगड्याक तिरफळ नाय?" येशू म्हणतो, "बाई, माझ्याकडे नाही." ती लुगड्याच्या गाठीतून सात तिरफळं सोडते. येशू ती कुटून माशाला लावतो, वास घेतो आणि शिष्यांकडे वळून म्हणतो, "पेत्रा, शीक."

मांय हसली. सांत बास्त्यांवानंतर पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "ही म्हातारी माका कशी गावली नाय कधी?"

"नवीन भाषांतर," मी म्हटलं.

"बरी आसा. त्या पानार दोन क्रूस काढ."

मी दोन क्रूस काढले. अंदाजाने काढले, पण पान तेच होतं.

चौथ्या दिवशी कट्टा गावच्या बाजारातून नवी चाळिशी आणली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मांय रोज सकाळी मान पुढे काढून बसायची, आणि आत्तापर्यंत माझ्या गोष्टी तिने कधी इतक्या मन लावून ऐकल्या नव्हत्या. चाळिशी खिशात ठेवून मी पुढचे दोन आठवडे शुभवर्तमान स्वतः चालवलं. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी कप आपटून म्हणाली, "नरकात जातलास. आणि थंयसुद्धा मोठ्या मोठ्या गजाली मारीत बसतलास."

त्याच सुमारास आम्ही मांयला कसालच्या पुढे हायवेवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बघितलं आणि मला बाजूला घेतलं. मोतीबिंदू पिकून पुढे गेलाय, म्हणाले. या महिन्यात ऑपरेशन झालं पाहिजे. आत फुटला तर डोळा कायमचा जाईल, मग मी काही करू शकणार नाही.

मांय म्हणाली, नको.

"डोळे देवान दिले, तोच बघतलो. डोळ्यांची सांत लुझी वर बसली आसा ती कित्याक?"

मी समजावलं, बायकोने समजावलं, शेजारची काकी आली. ही काकी मासे विकते, देवळातली जत्रा आणि आमचं फेस्त दोन्ही चुकवत नाही. तीही सांगून थकली. "गो आजये, माझ्या आवशीचे दोनय डोळे केले. आता ती सुनेक लांबसून ओळखता."

"मगे सुनेचा काय भला झाला?" मांय म्हणाली. शेवटी तिने एक दार किलकिलं ठेवलं. "पुस्तकात काय येता ता बघूया. तेणा सांगल्यान तर जातलंय."

दिवस जात होते. रोज सकाळी ती वाचन ऐकायची आणि मान हलवायची: आज नाही. एका दुपारी तिने पाण्याचा तांब्या म्हणून गॅसवरचं तापलेलं भांडं धरलं. बोटं भाजली. मीठ लावून बसली. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

सांत मार्काचा दिवस उजाडला. मी पुस्तक उघडलं. चाळिशी खिशातच होती, हे मी आज शपथेवर सांगतो. हात घालायचा आणि नाकावर चढवायची, एवढंच काम. मी घातली नाही. मी रात्रभर गोष्ट रचून तयार होतो.

वाटेवर एक आंधळी म्हातारी बसलेली. येशू जवळ येतो. म्हातारी म्हणते, माझं मी बघून घेईन, वर माझे संत आहेत. येशू म्हणतो, "बाई, त्याच संतांनी मला सांगितलंय. मोठ्या रस्त्यावर मी एक वैद्य बसवलाय. त्याच्याकडे जा. त्याच्या हातात माझा हात आहे."

मोठ्या रस्त्यावर. हायवेच म्हणायचं बाकी होतं.

मेणबत्तीचं मेण ताटलीत उतरलं. मग मांय म्हणाली, "गाडी सांग."

मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, पण दुसऱ्याच्या तोंडून कोणाला ऑपरेशनला पाठवणारी ही पहिली. आणि तोंड कोणाचं!

दवाखान्यात नर्स फॉर्म भरत होती. "आजी, कधीपासून दिसेनासं झालं?"

"सांत बास्त्यांवाक धूसर. सांत जुझ्याक काळोख."

"तारीख सांगा."

"ताच सांगतंय मगे!"

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वीस जानेवारी आणि एकोणीस मार्च. तिने लिहिलं. मग मांयला आत नेलं. जाताना ती माझा हात दाबून म्हणाली, "भियां नको. तेच्या हातात जेजूचो हात आसा."

दार लागलं. मी बाकावर बसलो आणि मला पहिल्यांदा सगळं नीट दिसलं, चाळिशीशिवाय. डोळा गेला तर तो माझ्या थापेने गेला. ती आपल्या मर्जीने आत गेलेली नाही, देवाच्या शब्दावर गेली, आणि तो शब्द माझा. आणि डोळा आला तर? तर ती घरी येणार, सगळ्यात आधी पुस्तक मागणार, आणि मागची पानं उलटून बघणार. म्हणजे या दाराआडून काहीही बाहेर आलं तरी मी मेलो. त्या वीस मिनिटांत मी घामाने असा भिजलो की समोरच्या माणसाने विचारलं, बाहेर पाऊस आहे का?

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मांयने डोळा मिचकावला. पाणी आलं. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिने बरोबर मोजली. खिडकी दाखवली, तिने खिडकीच्या गजावरचा गंज सांगितला. मग माझ्याकडे वळली आणि माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"रे, तुझे केस खंय गेले?"

मी रडलो. आनंदाने की भीतीने, ते अजून ठरलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, दीड महिन्याने वाचायचा चष्मा देऊ, तोवर वाचायचं नाही. मांयने लगेच बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे सांतानाक." सांतान म्हणजे संत अंतोनी, तेरा जून. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत.

घरी आल्याबरोबर मी पुस्तक उचललं आणि होडीतल्या लाइफ जॅकेटांच्या ढिगाखाली पुरलं. मे सरता होडी वर ओढून माडाच्या झापांनी शाकारली, तेही तिच्याबरोबर शाकारलं गेलं. मांयला सांगितलं, पुस्तक कुठे गेलं कळत नाही, पण आता सगळं मोबाइलवर येतं. आणि रोज सकाळी चाळिशी लावून, अक्षर न् अक्षर, जे आहे तेच वाचू लागलो. स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही.

मांय म्हणाली, "मोबाइलातलो जेजू जरा कमी बोलता."

सांतानाच्या आधीचे नऊ दिवस तिने नोवेना धरली. नऊ संध्याकाळी एकच मागणं: माझं पुस्तक मिळू दे. मी शेजारी गुडघे टेकून "आमेन" म्हणत होतो. माझ्याइतका खोटा आमेन मालवण किनाऱ्यावर कोणी म्हटला नसेल, आणि इथे उमेदवार कमी नाहीत.

तेरा तारखेला सकाळी चष्मा आला. मांयने तो लावला, मोबाइलवरचं वाचन स्वतः वाचलं आणि मोबाइल मला परत दिला. "माका ती दोन क्रुसांची म्हातारी परत वाचूची होती. पुस्तक नाय तर नाय. आज लदीनाक फादर येतलो, तेकाच विचारतंय ती खंयच्या शुभवर्तमानात आसा."

वाडीच्या तोंडाशी आमचा दगडी खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. सांतानाला संध्याकाळी पाच वाजता तिथे लदीन होते, म्हणजे सगळी वाडी जमून संतांच्या नावांची लितानी म्हणते, आणि फादर येतात.

बायकोने हातातली पळी खाली ठेवली. "ती एकटी नाय विचारूची," तिने मला कानात सांगितलं. "काकीक ती गजाल तोंडपाठ आसा. सगळ्या बाजारात सांगल्यान. बायका तिरफळ विकत घेताना येशूचा नाव घेतत. तुम्ही सांगतास काय मी सांगू?"

म्हणजे संध्याकाळी खुरसासमोर, वाडीसमोर, फादरसमोर हसं होणार ते माझं नाही. ऐंशीच्या घरातली बाई, जिला सगळी वाडी संतांची तारीख विचारायला येते, ती उभी राहून विचारणार की फादर, तिरफळवाली म्हातारी कुठे आहे?

चार वाजता मी पावसातून होडीकडे गेलो, झापं उचलली, लाइफ जॅकेटं फेकली आणि पुस्तक घेऊन आलो. ओल लागून ते फुगलं होतं. मांय ओरातोरासमोर साडी नेसून तयार बसली होती. मी ते तिच्या मांडीवर ठेवलं.

"सांतान पावलो!" ती म्हणाली.

"सांतान नाय. मीच लपवलेलंय."

तिने चष्मा लावला. पानं चिकटली होती, एकेक करून सोडवली. दोन क्रुसांचं पान आलं. ती बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली, शाळेतल्या पोरीसारखी, शब्द फोडून. निखारे होते. मासे होते. भाकर होती. मासे एकशे त्रेपन्न होते.

"तू सातशे सांगललंस."

"होय."

तिने पान उलटून बघितलं, परत फिरून बघितलं. "म्हातारी खंय गेली?"

"ती मी केली, मांय. चाळिशी समुद्रात पडली होती. पुढची पण मीच केली. सांत मार्काची पण."

सांत मार्काचं पान शोधायला तिला फार वेळ लागला. मी उभाच होतो. तिने आधी पहिलं वाचन वाचलं. तरुणांनी थोरांच्या आज्ञेत राहावं, असं पेत्राने लिहिलंय. ते वाचून तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग शुभवर्तमान. येशू शिष्यांना सांगतो, जगात सगळीकडे जा. जे विश्वास ठेवतील ते आजाऱ्यांवर हात ठेवतील, आणि आजारी बरे होतील.

ती थांबली. तेच वाक्य परत वाचलं. हात ठेवतील. बरे होतील.

"ह्याच होता?" तिने विचारलं. "त्या दिसा ह्याच होता?"

"ह्याच."

"मगे तू ह्याच वाचलंस असतास तरी मी गेलंय असतंय."

खिशातली चाळिशी नाकावर चढवली असती, तर तिच्यासाठी ठेवलेलं वाक्य तिथे होतं. मी त्याच्यावर क्रूस काढून पान मिटलं होतं.

खुरसापाशी प्लास्टिकचं छप्पर बांधलं होतं. मांय सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर, मी सगळ्यांच्या मागे, जिथे पावसाची धार नेमकी मानेवर पडते. लितानी झाली. सगळ्या संतांची नावं आली. फादरांनी पाणी शिंपडलं. आणि मांय बसलेलीच राहिली, पण काकी उठली.

"फादर, एक विचारूचा होता. ती तिरफळवाली म्हातारी खंयच्या पुस्तकात आसा? आजयेन सांगललीन."

फादर गोंधळले. "कुठली म्हातारी?"

मी पुढे निघालो होतो, खरंच निघालो होतो, पण मांय उठली. काठी टेकून उभी राहिली.

"ती पुस्तकात नाय," ती म्हणाली. "माझ्या झिलान केली. माका दिसा नाय, तेका वाचूचो कंटाळो. मी ती तुमका देवाची म्हणान सांगलंय. चुकलंय. देवाची नाय."

कोणी हसलं नाही. काकी हळूच म्हणाली, "पण तिरफळ घातल्यार बरा लागता, ता खरा मा?"

"ता खरा," मांय म्हणाली.

तेव्हा मात्र फादरसुद्धा हसले, आणि मी जिवंत आहे हे माझ्या लक्षात आलं. पण लदीन संपल्यावर सगळे वाडीतल्या सगळ्यात मोठ्या बाईकडे बेसांव घ्यायला रांगेने येतात, आणि ती मोठी बाई म्हणजे मांय. पोरंटोरं आली, सुना आल्या, काकीने पण डोकं पुढे केलं. प्रत्येकाच्या डोक्यावर हात. मी शेवटचा होतो. वाकलो. हात आला नाही. पदरात होता तो तिथेच राहिला.

"फाल्या कोणाचो दीस?" तिने विचारलं.

उद्याचा संत मला माहीत नव्हता. तोंडावर चार संत आले, चारही बनवता आले असते.

"म्हायत नाय," मी म्हटलं.

"मगे फाल्या बघ आणि सांग."

सकाळी साडेसहाला मी आधीच बसलो होतो. मेणबत्ती लावली. चाळिशी नाकावर. फुगलेलं पुस्तक मांडीवर. मांय येऊन बसली ती समोर नाही, माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, चष्मा घालून. डावा डोळा अजून बंदच होता, त्याची पाळी पुढच्या महिन्यात होती. उजवा पानावर होता.

"दुसऱ्या डोळ्याक काय वाचतलंस?" तिने विचारलं.

"त्या दिसा असात ता."

तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. मी वाचू लागलो. ओळीबरोबर तिचं बोट सरकत होतं, आणि मी एकदा "आणि" गाळला तेव्हा ते थांबलं. मी मागे जाऊन "आणि" वाचला. बोट पुढे सरकलं. शेवटपर्यंत गेलो. पेन्सिलीने मी एकच क्रूस काढला.

मग डोक्यावर हात आला. जड, खरखरीत, भाजलेल्या बोटांचा.

"देव बरा करूं," ती म्हणाली. "गो, च्या ठेव."

स्वयंपाकघरातून बायकोने भांडं आपटलं. तिला जर राग आला असता तर याहून मोठ्याने आपटलं असतं.